तोबा सरोवर

तोबा सरोवर (इंडोनेशियन: दानाउ तोबा, बाटक: ताओ तोबा) हे इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या उत्तर भागात, बारिसान पर्वतरांगेत वसलेले गोड्या पाण्याचे सरोवर आहे. सुमारे १०० किमी लांब, ३० किमी रुंद आणि सर्वाधिक खोलीच्या ठिकाणी ५०० मीटरहून अधिक खोल असलेले हे सरोवर ज्वालामुखीच्या उद्रेकातून निर्माण झालेले जगातील सर्वांत मोठे सरोवर मानले जाते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,१३० चौरस किमी असून पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर आहे. मध्यभागी सामोसिर हे मोठे बेट आहे.

आज हे स्थळ शांततेसाठी प्रसिद्ध आहे. चहूबाजूंनी उंच कडे, पाईनची झाडी, काठावर भातखाचरे आणि वारा पडला की आरशासारखे स्तब्ध होणारे पाणी, असे त्याचे रूप आहे. मात्र ज्या उद्रेकाने हा खड्डा निर्माण झाला, तो गेल्या २० लाख वर्षांतील पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक होता. त्याची राख भारतातही अनेक ठिकाणी सापडते. पुणे जिल्ह्यातील कुकडी नदीच्या काठी मिळालेल्या राखेचा उगमही बहुतेक अभ्यासक तोबाकडेच शोधतात.

नाव

‘दानाउ’ हा इंडोनेशियन व ‘ताओ’ हा बाटक भाषेतील शब्द असून दोहोंचा अर्थ सरोवर असाच आहे. ‘तोबा’ हे या परिसराचे व तेथे राहणाऱ्या बाटक समाजाच्या एका मोठ्या शाखेचे नाव आहे. मराठीत पश्चात्ताप किंवा त्रागा व्यक्त करताना वापरला जाणारा ‘तोबा’ हा शब्द अरबी मूळचा असून त्याचा या नावाशी काहीही संबंध नाही.

भौगोलिक स्थान व स्वरूप

सरोवर वायव्य-आग्नेय दिशेने पसरलेले आहे. विषुववृत्तापासून तीन अंशांच्या आत असूनही उंचीमुळे येथील हवा बाराही महिने सुखद असते व रात्री गारवा जाणवतो. सरोवराभोवतीचे कडे पाण्यापासून कित्येक ठिकाणी काहीशे मीटर सरळ उभे चढतात. उत्तर टोकाला तोंगिंग गावाजवळ सिपिसोपिसो हा सुमारे १२० मीटर उंचीचा धबधबा याच कड्यावरून कोसळतो. अनेक लहान ओढे व नद्या सरोवरास मिळतात. बाहेर पडणारी नदी मात्र एकच. आग्नेयेकडील पोर्सेआजवळ निघणारी आसाहान नदी खोल दरीतून वाहत पूर्वेकडे मलाक्काच्या सामुद्रधुनीला मिळते. जवळजवळ ९०० मीटरचा हा उतार जलविद्युतनिर्मितीस अत्यंत अनुकूल असल्याने या नदीवर सिगुरागुरा येथे धरण बांधण्यात आले. तेथील वीज प्रामुख्याने किनाऱ्यावरील ॲल्युमिनियम कारखान्यासाठी वापरली जाते. जपानच्या भागीदारीने १९७० च्या दशकात सुरू झालेला हा प्रकल्प २०१३ मध्ये पूर्णपणे इंडोनेशियाच्या मालकीचा झाला.

प्रशासकीयदृष्ट्या सरोवराचा परिसर उत्तर सुमात्रा प्रांतातील सात जिल्ह्यांत विभागलेला आहे. पाण्याच्या व्यवस्थापनाविषयी पुढे उल्लेखिलेल्या अडचणींचे एक कारण ही विभागणीही आहे.

निर्मिती

सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळाचा भूपट्ट सुमात्राखाली सरकत जातो. खोलवर गेलेल्या या भूपट्टातून बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळे वरच्या थरातील खडक वितळतो व शिलारस तयार होतो. सुमात्राच्या संपूर्ण लांबीवर ज्वालामुखींची जी रांग दिसते, तिचे मूळ या प्रक्रियेत आहे. तोबाच्या खाली मात्र शिलारस लगेच बाहेर न पडता भूकवचात थराथराने साठत गेला. सिलिकाचे प्रमाण जास्त असलेला शिलारस घट्ट असतो. त्यात विरघळलेले वायू सहज निसटू शकत नाहीत. असा साठा अखेर फुटतो तेव्हा लाव्हा संथपणे वाहत नाही, तर खडकाचा बारीक चुरा होऊन तो वायूंसह आकाशात फेकला जातो. इतका शिलारस एकदम बाहेर पडल्यावर वरच्या जमिनीला आधार उरत नाही आणि ती खाली कोसळते. अशा रीतीने तयार होणाऱ्या विस्तीर्ण खोलगट भागास कॅल्डेरा किंवा ज्वालामुखी कुंड म्हणतात. तोबा सरोवर हे अशा कुंडात साठलेले पाणी आहे.

येथे मराठी वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचा खड्डाही गोल व खोल असल्याने त्याला काही जण ज्वालामुखीजन्य समजतात. लोणार ज्वालामुखीजन्य बेसॉल्ट खडकात असले तरी तो खड्डा उल्काघाताने झाला आहे. त्याचा व्यास दोन किलोमीटरपेक्षा कमी आहे. दोन्ही सरोवरांची निर्मितीप्रक्रिया सर्वस्वी भिन्न आहे.

तोबाचे कुंड एकाच उद्रेकाचे फलित नाही. सुमारे १२ लाख, ८ लाख आणि ५ लाख वर्षांपूर्वी येथे मोठे उद्रेक झाले. चौथा आणि सर्वांत प्रचंड उद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा असून आजच्या कुंडाला मुख्यतः त्याने आकार दिला. या स्थळाचे ज्वालामुखीय स्वरूप प्रथम विस्ताराने मांडण्याचे श्रेय डच भूवैज्ञानिक राइनाउट फान बेमेलन यांना दिले जाते. त्यांनी १९३९ मध्ये सरोवराभोवतीच्या राखेच्या जाड थरांचा संबंध या खोलगट भागाशी जोडला.

चौथ्या उद्रेकात किमान २,८०० घन किमी शिलारस बाहेर पडला असावा, असा बराच काळ प्रचलित असलेला अंदाज आहे. अलीकडचे काही अंदाज याहून मोठे आहेत. हा आकडा डोळ्यांसमोर आणणे कठीण आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयात साधारण १०० टीएमसी, म्हणजे सुमारे २.८ घन किमी पाणी मावते. तोबातून निघालेला शिलारस त्याच्या हजार पट होता. इतिहासकाळातील सर्वांत मोठा उद्रेक म्हणून ओळखला जाणारा, इंडोनेशियातीलच तांबोरा पर्वताचा १८१५ सालचा उद्रेक याच मापाने ३० ते ५० घन किमीचा होता. त्यामुळे पुढच्या वर्षी युरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, असे तेथील नोंदी सांगतात.

सामोसिर बेट

सामोसिर हे सरोवरातून डोके वर काढलेल्या जुन्या डोंगराचे टोक असावे, अशी प्रवाशांची सहज समजूत होते. वस्तुस्थिती उलट आहे. कुंड कोसळून त्यात पाणी भरल्यानंतर खाली उरलेल्या शिलारसाच्या दाबाने सरोवराचा तळ हळूहळू वर उचलला गेला व तो भाग पाण्याबाहेर आला. त्याचा पुरावा बेटावरच मिळतो. सामोसिरच्या माथ्यावर सरोवराच्या तळाशी साचणारा गाळ व त्यात सूक्ष्म शैवालांचे अवशेष आढळतात. या गाळाच्या कालमापनावरून सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वीपर्यंत बेटाचा बराचसा भाग पाण्याखाली होता, असे दिसते. उचल एकसारखी झाली नाही. पूर्वेची बाजू अधिक उचलली गेल्याने तिकडे उंच कडा आहे आणि बेट पश्चिमेकडे कलते झाले आहे. फेरीबोटीतून पूर्व किनाऱ्याकडे जाताना हा कडा समोर येतो. बेटाच्या पश्चिम भागात गेल्यावर मात्र जमीन संथपणे पाण्यात उतरलेली दिसते.

बेटाचे क्षेत्रफळ ६३० चौरस किमीच्या आसपास, म्हणजे बृहन्मुंबईहून किंचित अधिक आहे. मुळात ते पश्चिमेकडे पांगुरुरान येथे एका चिंचोळ्या भूपट्टीने मुख्य भूमीशी जोडलेले होते. डच राजवटीत विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे कालवा खोदण्यात आला आणि सामोसिर खऱ्या अर्थाने बेट झाले. या कालव्यावरील तानो पोंगोल हा नवा पूल २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. बेटावर सिदिहोनी नावाचे एक लहान तळे आहे. बेटावरील सरोवरातल्या बेटावरचे तळे, अशी त्याची ओळख सांगितली जाते.

भारतातील राख

तोबाच्या उद्रेकाचा वाफेसह उसळलेला चुरा वाऱ्यांबरोबर मुख्यतः पश्चिमेकडे व वायव्येकडे वाहत गेला. बंगालचा उपसागर, हिंदी महासागर आणि अरबी समुद्र यांच्या तळाशी या राखेचा थर सापडतो. दक्षिण चीन समुद्रातही तो मिळाला आहे. भारतीय भूमीवर पडलेली राख पावसाने धुऊन नद्यांच्या सखल भागांत साचली. मूळ पडलेला थर बहुतेक ठिकाणी काही सेंटिमीटरचाच असावा. परंतु वाहून आलेल्या राखेमुळे काही खोऱ्यांत त्याची जाडी दोन मीटरपेक्षाही जास्त झालेली आहे. मध्य प्रदेशातील सोन नदीच्या खोऱ्यात १९८० च्या सुमारास ही राख प्रथम लक्षात आली. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम (पूर्वीचा कर्नूल, आताचा नंद्याल जिल्हा) येथे थर इतका जाड आहे, की घासण्याच्या भुकटीसाठी तो स्थानिक पातळीवर खणून विकला जात असे. राखेचे कण म्हणजे काचेचे अतिसूक्ष्म धारदार तुकडे असतात. त्यामुळे हा उपयोग अगदी योग्य होता, पण त्यात पुराव्याचा बराच भाग नाहीसा झाला.

महाराष्ट्रातील सर्वांत चर्चित स्थळ म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील बोरी. येथे कुकडी नदीच्या गाळाच्या उभ्या काठात पांढुरक्या राखेचा पट्टा दिसतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी संबंधित संशोधकांनी, त्यांत शरद राजगुरू व रवी कोरीसेट्टर यांचा समावेश होता, १९८० च्या दशकात या थराचा अभ्यास केला. बारामती तालुक्यात कऱ्हा नदीकाठी मोरगाव येथेही अशी राख मिळाली आहे. दख्खनच्या पठारावरचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि त्यानंतर येथे ज्वालामुखी नाहीत. त्यामुळे नदीच्या इतक्या अलीकडच्या गाळात ज्वालामुखीची ताजी राख सापडणे हे एक कोडेच होते. राख बाहेरून आली, हे उघड होते. प्रश्न होता तो कधी आली याचा.

हा प्रश्न केवळ राखेचा नव्हता. बोरीच्या राखेच्या सान्निध्यात पूर्व पुराश्मयुगातील दगडी हत्यारे (अश्युलियन परंपरेतील हातकुऱ्हाडी इत्यादी) मिळाली होती. राखेचे वय ठरले की महाराष्ट्रातील आदिमानवाच्या हत्यारांचेही वय ठरणार होते. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने प्रथम सुमारे १४ लाख वर्षे असे उत्तर आले. १९९५ मध्ये आर्गॉनच्याच अधिक सूक्ष्म पद्धतीने ते पावणेसात लाखांच्या आसपास आले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने राखेतील काचेच्या रासायनिक घडणीची तुलना तोबाच्या खडकांशी केली आणि भारतातील सर्व नमुने सर्वांत अलीकडच्या, म्हणजे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचे असल्याचे प्रतिपादन केले. हा निष्कर्ष आता बहुसंख्य भूवैज्ञानिकांना मान्य आहे. मात्र तो स्वीकारल्यास इतक्या जुन्या घडणीची हत्यारे इतक्या अलीकडच्या थरात कशी, हे सांगावे लागते. पुराने जुने थर कोरले जाऊन हत्यारे व राख एकत्र आली असावीत, हे एक उत्तर आहे. काही पुरातत्त्वज्ञांना ते पटत नाही. बोरीची राख तोबाच्याच अधिक जुन्या उद्रेकाची असावी, असे ते मानतात. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर मतैक्य आहे, की राख सुमात्रातून, तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून आली.

मानवजातीवरील परिणामाविषयीचा वाद

तोबाच्या उद्रेकाने गंधकयुक्त वायू मोठ्या प्रमाणावर स्थितांबरात गेले. त्यांपासून बनलेल्या सूक्ष्म थेंबांनी सूर्यप्रकाश अडवल्यामुळे काही वर्षे ‘ज्वालामुखी हिवाळा’ पडला असावा, अशी कल्पना १९९० च्या दशकात मांडली गेली. १९९८ मध्ये मानवशास्त्रज्ञ स्टॅन्ली अँब्रोज यांनी ती एक पाऊल पुढे नेली. आजच्या सर्व मानवांच्या जनुकांतील विविधता तुलनेने कमी आहे. याचे कारण, तोबानंतर मानवांची संख्या काही हजारांपर्यंत घटली आणि त्या मूठभरांपासून आपण सर्व उत्पन्न झालो, असे त्यांचे मत होते. ही कथा नाट्यपूर्ण असल्याने लोकप्रिय पुस्तकांत व चित्रफितींत ती आजही सिद्ध गोष्ट म्हणून सांगितली जाते. विद्यार्थ्यांनी याबाबत सावध राहावे.

पुढील संशोधन बहुतांशी या मताच्या विरुद्ध गेले आहे. २००७ मध्ये मायकेल पेट्राग्लिया, कोरीसेट्टर व सहकाऱ्यांनी ज्वालापुरम येथे राखेच्या थराखाली आणि थरावर, दोन्हीकडे एकाच धाटणीची दगडी हत्यारे मिळाल्याचे प्रसिद्ध केले. राख पडली, तरी हत्यारे घडवणारी परंपरा तुटली नाही, असा त्याचा अर्थ होतो. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या गाळात तोबाची राख सापडली; पण तिच्या आसपासच्या थरांत मोठ्या गारठ्याची खूण दिसली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील पिनॅकल पॉइंट येथे राखेच्या काळातही वस्ती भरभराटीत चालू असल्याचे २०१८ मध्ये दिसून आले. २०२० मध्ये सोन खोऱ्यातील ढाबा या स्थळाचा अभ्यासही याच निष्कर्षाप्रत आला. तेथे सुमारे ८० हजार वर्षांपासून पुढे वस्तीत खंड पडलेला नाही. हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांवरून परिणाम प्रदेशागणिक भिन्न झाला असावा असे दिसते. सुमात्राच्या त्या भागात मात्र जे काही सजीव होते, त्यांच्या वाचण्याची शक्यता नव्हती. तेथे जळत्या राखेचे थर शेकडो मीटर जाड आहेत.

लोक आणि संस्कृती

सरोवराभोवती बाटक समाजाच्या निरनिराळ्या शाखांची वस्ती आहे. सामोसिर व दक्षिण किनाऱ्यावर तोबा, ईशान्येस सिमालुंगुन आणि उत्तरेस कारो बाटक राहतात. पश्चिमेकडील पुसुक बुहित हा जवळजवळ २,००० मीटर उंचीचा ज्वालामुखी डोंगर बाटकांचे आद्यस्थान मानला जातो. मूळ पुरुष सी राजा बाटक याच्या पायथ्याशी वसला, अशी श्रद्धा आहे. डोंगराजवळ आजही गरम पाण्याचे झरे आहेत.

बाटक समाज ‘मार्गा’ नामक पितृवंशीय कुळांत विभागलेला असून एकाच कुळात विवाह निषिद्ध आहे. समाजरचनेच्या मूलतत्त्वाला ‘दालिहान ना तोलू’, म्हणजे चुलीचे तीन दगड, असे म्हणतात. स्वतःचे कुळ, ज्या कुळातून पत्नी आणली ते कुळ आणि ज्या कुळात मुलगी दिली ते कुळ, असे हे तीन दगड होत. तीनपैकी एक जरी नसला तरी भांडे कलंडते, म्हणून प्रत्येक मंगल वा अशुभ कार्यात तिघांचीही उपस्थिती व मान ठरलेला असतो. पत्नीच्या माहेरकडील मंडळींचा मान सर्वांत मोठा समजतात. मराठी लग्नात वरपक्षाचा तोरा पाहिलेल्यांना ही व्यवस्था विशेष वाटेल.

बाटक भाषेत संस्कृतमूलक शब्द बरेच आहेत. देवाला ‘देबाता’ व पोथीला ‘पुस्ताहा’ म्हणतात. या पोथ्या झाडाच्या सालीवर, ब्राह्मीकुलातील स्वतंत्र बाटक लिपीत लिहिल्या जात आणि ‘दातू’ म्हणजे पुरोहित-वैद्य त्यांचा वापर करीत. देवतांच्या त्रयीत बातारा गुरु हे नाव आढळते. हा संबंध व्यापारातून आला असावा. सरोवराच्या पश्चिमेस किनाऱ्यावर बारूस हे प्राचीन बंदर होते. तेथे लोबू तुआ या ठिकाणी १०८८ सालचा तमिळ व्यापारीसंघाचा शिलालेख मिळाला आहे. बाटक प्रदेशातील जंगलांतून गोळा केलेला कापूर याच बंदरातून बाहेर जाई. ‘बरास’ हे कापराचे नाव बारूसवरूनच आले, असे मानतात.

युरोपीयांना हे सरोवर दीर्घकाळ ऐकूनच ठाऊक होते. भाषाशास्त्रज्ञ हर्मन नॉयब्रोनर फान डर टूक यांनी १८५३ मध्ये ते पाहिले. ते तेथवर पोहोचलेले पहिले युरोपीय समजले जातात. पुढे लुडविग नोमेन्सन या जर्मन धर्मोपदेशकाच्या कार्यामुळे तोबा बाटकांपैकी बहुसंख्य लोक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती झाले. डच सत्तेविरुद्ध राजा सिसिंगामांगाराजा बारावा याने सुमारे तीन दशके लढा दिला व १९०७ मध्ये तो लढताना मारला गेला. इंडोनेशियाने १९६१ मध्ये त्याला राष्ट्रवीर घोषित केले. सरोवराच्या दक्षिणेकडील सिलांगित विमानतळास त्याचे नाव देण्यात आले आहे. काठावरील पारापात या गावी १९४९ च्या आरंभी डचांनी सुकार्नो यांना स्थानबद्ध ठेवले होते. ते घर अद्याप उभे आहे.

सरोवराच्या उत्पत्तीची लोककथा अशी: एका कोळ्याच्या गळाला लागलेली मासोळी स्त्री झाली. आपले मूळ कोणालाही न सांगण्याच्या अटीवर तिने त्याच्याशी लग्न केले. त्यांना सामोसिर नावाचा मुलगा झाला. एके दिवशी शेतावर नेण्याची शिदोरी मुलाने वाटेत खाऊन टाकली, तेव्हा भुकेल्या बापाने संतापून त्याला ‘माशाचे पोर’ म्हटले. वचन मोडताच आईने मुलाला डोंगरावर पाठवले, जमिनीतून पाणी उसळले आणि दरी बुडाली. उद्रेकाच्या वेळची स्मृती या कथेत आहे, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ७४ हजार वर्षांचे अंतर पाहता त्याला आधार नाही.

पाण्याची स्थिती व संरक्षण

सरोवरात तरंगत्या जाळ्यांच्या पिंजऱ्यांतून मत्स्यपालन मोठ्या प्रमाणावर चालते. उरलेले खाद्य व माशांची विष्ठा तळाशी साचते, तेथील प्राणवायू संपतो आणि वाऱ्याने खालचे पाणी वर आले की मासे गुदमरतात. २०१६ च्या मे महिन्यात हारांगगाओल खाडीत अशा प्रकारे हजाराहून अधिक टन मासे मेले. खोल सरोवरात घाण दिसत नाही आणि पाणी बदलायला फार काळ लागतो. या दोन कारणांनी संकट उशिरा लक्षात येते. काही उथळ किनाऱ्यांवर जलपर्णीही पसरली आहे. बाटकांच्या विधींत मानाचे स्थान असलेला, महसीर माशाच्या जवळचा ‘इहान’ हा मासा आता क्वचित मिळतो व समारंभात त्याच्या जागी साधा कार्प वापरतात.

जुलै २०२० मध्ये तोबा कुंडास युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानाचा दर्जा मिळाला. व्यवस्थापनातील त्रुटींबद्दल २०२३ मध्ये युनेस्कोने त्यास ‘पिवळे कार्ड’ दिले होते. सुधारणांनंतर २०२५ मध्ये दर्जा पूर्ववत झाला. तोबाचा उद्रेक इतिहासकाळात झालेला नाही. भूकंपलहरींच्या अभ्यासात जमिनीखाली सात किमीहून खोल शिलारसाचे आडवे थर असल्याचे आढळले आहे. मोठा उद्रेक जवळ आल्याची चिन्हे मात्र नाहीत. उत्तरेकडील सिनाबुंग हा ज्वालामुखी २०१० पासून जागृत झाला. तो स्वतंत्र असला तरी प्रवाशांनी त्याविषयीच्या सूचना पाहाव्यात.

प्रवास

भारतातून जाणारे प्रवासी बहुधा क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे मेदान शहरी उतरतात. तेथून पारापात रस्त्याने चार-पाच तासांवर आहे. सिलांगित विमानतळ सरोवराला अधिक जवळ पडतो. पारापातहून फेरीबोटीने तासाभराच्या आत सामोसिरवरील तोमोक किंवा तुकतुक येथे पोहोचता येते. तुकतुक या छोट्या द्वीपकल्पावर राहण्याची सोय सर्वाधिक आहे. जून ते ऑगस्ट हा काळ तुलनेने कोरडा असतो.

तोमोक येथे सिदाबुतार राजघराण्याच्या दगडी शवपेट्या, अंबारिताजवळ सियालागान गावातील न्यायनिवाड्याची दगडी आसने आणि सिमानिंदो येथील पारंपरिक घरे पाहण्याजोगी आहेत. बाटक घराचे छप्पर मध्ये खोलगट व दोन्ही टोकांना उंचावलेले असते. सियालागानचे वाटाडे नरभक्षणाच्या कथा रंगवून सांगतात. जुन्या युरोपीय वृत्तान्तांतील अशा मजकुराचा मोठा भाग ऐकीव आहे, हे ध्यानात ठेवावे. भूगोलाच्या अभ्यासकांनी पश्चिम कड्यावरील तेले येथील मनोऱ्यावरून पाहणे चुकवू नये. कुंडाची भिंत, पुसुक बुहित आणि कललेले सामोसिर ही तिन्ही तेथून एका दृष्टिक्षेपात येतात. रविवारी सकाळी दुकाने उशिरा उघडतात, कारण गाव चर्चमध्ये असतो. ‘होरास’ हे अभिवादन परक्यानेही उच्चारल्यास स्वागत होते.

जेवणात डुकराचे मांस व मासे यांचे प्राबल्य असल्याने शाकाहारी व्यक्तींनी आधी चौकशी करावी. ‘आर्सिक’ हा हळदीच्या मसाल्यात शिजवलेला कार्प मासा येथील खास पदार्थ होय. त्यात घातले जाणारे ‘आंदालिमान’ हे दाणे कोकणातील तिरफळाच्याच प्रजातीतील झाडाचे आहेत. तिरफळ घातलेले बांगड्याचे कालवण खाणाऱ्याला जिभेवरची ती झिणझिण तत्काळ ओळखू येते.

पाणी शांत दिसले तरी दुपारनंतर वारा सुटतो व मोठ्या लाटा उठतात. १८ जून २०१८ रोजी ईदच्या सुटीत सिमानिंदोहून तिगारासकडे निघालेली ‘सिनार बांगुन’ ही बोट क्षमतेच्या कित्येक पट प्रवासी घेऊन जात असताना वादळी हवेत बुडाली. तीन मृतदेह हाती लागले. १६४ जण बेपत्ता राहिले. बोटीचे अवशेष सुमारे ४५० मीटर खोलीवर दिसले, परंतु तेथून काहीही वर काढणे शक्य न झाल्याने जुलैच्या आरंभी शोध थांबवण्यात आला. तिगारासच्या धक्क्याजवळ त्यांचे स्मारक आहे. जीवरक्षक जाकिटे नसलेल्या किंवा गच्च भरलेल्या बोटीत चढू नये आणि शक्यतो सकाळच्या फेरीने पार जावे.